आधी दाखला आणा

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी गेल्या आठवड्यात तीन दिवस उगवल्याच नाहीत. चौथ्या दिवशी आल्या, पदर खोचला आणि थेट मोरीकडे वळल्या. मोरीत तीन दिवसांचा डोंगर साचलेला, त्यामुळे माझा आवाज जरा चढलाच. “होतात कुठे मावशी?”

“जिवंत असल्याचा दाखला काढायला गेले होते.”

“मग निघाला?”

“कुठला निघतोय! पहिल्या दिवशी त्यांचं सर्व्हर मेलेलं. दुसऱ्या दिवशी माझा अंगठा मेलेला. तिसऱ्या दिवशी दोघं जिवंत, तर लाईट गेलेली.”

मावशी विधवा आहेत. संजय गांधी निराधार योजनेतून त्यांना महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. म्हणजे मिळायला हवेत. त्यासाठी आपण अजून आहोत हे दरवर्षी सरकारला कळवावे लागते. यात सरकारचे काही चुकते असे मी म्हणणार नाही. मेलेल्या माणसांच्या नावावर पैसे उचलण्याची आपली परंपरा मोठी आहे. पण मावशींनी तीस वर्षे आधी राखेने, मग पावडरीने आणि आता हिरव्या वडीने लोकांची खरकटी घासली, त्यात बोटांवरच्या रेघाही धुऊन निघाल्या. यंत्राला तर रेघाच लागतात. केंद्रावरच्या पोराने सल्ला दिला, “आजी, अंगठा केसांवर घासा, तेल लागलं की उमटतो.” मावशींनी घासला. उमटला नाही. “तेल परवडतंय कुठं बाबा,” म्हणून परत आल्या.

मावशींची एक प्लास्टिकची पिशवी आहे. तिच्यात नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, रहिवासाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, बँकेचे पुस्तक आणि या सगळ्यांच्या पाचपाच झेरॉक्स प्रती असतात. त्यांच्या घरातली सर्वात जपलेली वस्तू तीच. पावसाळ्यात छपरातून गळायला लागले की आधी पिशवी उचलायची, मग नातू.

पिशवीतला सगळ्यात वाचनीय कागद म्हणजे उत्पन्नाचा दाखला. या योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असावे, अशी अट वर्षानुवर्षे आहे. एकवीस हजार भागिले तीनशे पासष्ट, म्हणजे दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. आमच्या नाक्यावर तेवढ्यात दोन वडापाव येतात, चहाला पैसे कमी पडतात. आता गंमत पाहा. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात २०२५-२६ सालचा दर दिवसाला ३१२ रुपये. केंद्राच्या २००५ च्या कायद्याने हमी दिली शंभर दिवसांची. म्हणजे एखाद्या बाईला सरकारने आपला शब्द पाळून शंभर दिवस काम दिले, तर तिची कमाई होते ३१,२०० रुपये, आणि ती सरकारच्याच दुसऱ्या हिशेबाने निराधार राहत नाही. एका हाताने दिलेल्या हमीमुळे दुसऱ्या हातातले अनुदान गळून पडते. यावर उपाय एकच, आणि तो सर्वांना ठाऊक आहे: दाखल्यावर वीस हजार लिहायचे. अर्जदार तेवढे सांगतो, वरचे तेवढे लिहितात. उद्या कुणी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आमच्या तालुक्यातल्या निराधारांच्या उत्पन्नावर प्रबंध लिहायला बसला, तर सगळ्यांचे उत्पन्न वीस हजारांच्या आसपासच कसे, या चमत्कारावर त्याला डॉक्टरेट मिळून जाईल.

‘पुराव्यावर आधारित धोरण’ असा एक शब्दप्रयोग हल्ली चर्चासत्रांत फार चालतो. विषमता कमी करायची तर संशोधन काय सांगते ते आधी पाहावे, मग योजना आखावी, असा त्याचा अर्थ. कल्पना उत्तम. फक्त आपल्याकडे तिची अंमलबजावणी उलट्या बाजूने झाली आहे. पुरावा लागतो, पण तो योजना घेणाऱ्याकडून. योजना काढणाऱ्याकडे कुणी मागत नाही. मावशींना दीड हजारांसाठी सात कागद. आता २० सप्टेंबर २०१९ आठवा. त्या दिवशी कंपन्यांचा मूळ कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणण्याचा वटहुकूम निघाला. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांवर पाणी सोडावे लागेल, असे अर्थमंत्र्यांनीच सांगितले. त्या सवलतीतून किती कारखाने उभे राहिले, किती पोरे कामाला लागली, याचा दाखला कंपन्यांना दरवर्षी अंगठा उमटवून द्यावा लागतो असे ऐकिवात नाही. त्यांची बोटे तशी मऊ असतात, उमटली असती.

संपत्ती कराचे तसेच. २०१५ च्या अर्थसंकल्पात तो मोडीत काढला. कारण दिले की, वर्षाला जेमतेम हजार कोटी येतात आणि गोळा करण्याचा व्याप फार. त्याऐवजी कोटीच्या वर कमावणाऱ्यांवर दोन टक्के जादा अधिभार लावला, तो भरलाही गेला असेल. पण कराबरोबर संपत्तीचे वेगळे विवरणपत्रही गेले. कुणाकडे किती जडजवाहीर आणि किती बंगले, हे लिहून द्यायला प्राप्तिकराच्या विवरणपत्रातला एक तक्ता तेवढा उरला, तोही मोठ्या कमाईवाल्यांपुरता. मावशींच्या घरात पंखा आहे की नाही, दुचाकी आहे की नाही, हे शासनाला आजही माहीत असते.

त्यामुळे गेल्या वर्षी एक बातमी वाचून मला अजिबात आश्चर्य वाटले नाही. जुलै २०२५ मध्ये सरकारने एक पत्रक काढले: जागतिक बँकेच्या आकड्यांनुसार भारत हा जगातला चौथ्या क्रमांकाचा समतावान देश. विषमता मोजण्याचा गिनी निर्देशांक अवघा २५.५. आपल्या पुढे फक्त स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया आणि बेलारूस. मी पत्रक मोठ्याने वाचून दाखवले. मावशी म्हणाल्या, “समान म्हणजे कुणाच्या?”

तर हा आकडा खर्चाचा आहे, कमाईचा नव्हे. माणूस कितीही श्रीमंत झाला तरी चपात्या चारच खातो. उरलेले पैसे शेअरबाजारात, जमिनीत, सोन्यात जातात; खर्चाच्या पाहणीत ते दिसत नाहीत. शिवाय पाहणीवाला मावशींच्या चाळीत सरळ आत शिरतो, पाटावर बसतो, चहा घेतो आणि गेल्या महिन्यात तूरडाळ किती आणली ते विचारतो. बाविसाव्या मजल्यावर त्याला वॉचमनच वर सोडत नाही. साहेब मीटिंगमध्ये असतात, मॅडम झोपलेल्या असतात. जागतिक बँकेच्या ज्या टिपणातून हा २५.५ उचलला, त्याच टिपणात लिहिले होते की, हा आकडा खऱ्याहून कमी असू शकतो. आणि कमाईचा निर्देशांक धरला तर तो २००४ मधल्या ५२ वरून २०२३ मध्ये ६२ वर गेला आहे. पत्रक लिहिणाऱ्याला ही वाक्ये दिसली नाहीत. पुरावा त्याने वाचला होता, फक्त अर्ध्यातच डोळा लागला असावा.

पुरावा नको तसा निघाला तर काय करायचे, याचीही पद्धत आहे. २०१७-१८ सालची कुटुंबांच्या खर्चाची पाहणी आठवते? वर्तमानपत्रात फुटलेल्या अहवालात दिसत होते की, माणशी खर्च वाढण्याऐवजी घटलाय. नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने जाहीर केले की, त्या आकडेवारीचा दर्जाच बरोबर नाही, तेव्हा ती प्रसिद्ध करायची नाही. झाले. मावशींचा अंगठा उमटला नाही तर मावशी खोट्या. सरकारचा आकडा उमटला नाही तर आकडा खोटा.

आणि हयातीचा दाखला म्हणाल, तर देशाने स्वतःचा तो २०११ नंतर काढलेलाच नाही. शिरगणती म्हणजे दुसरे काय? दर दहा वर्षांनी देशाने अंगठा टेकवायचा की, आम्ही एवढे आहोत, इथे आहोत, असे आहोत. १८८१ पासून हे दशकादशकाला चालू होते. महायुद्धातसुद्धा १९४१ चा अंगठा कसाबसा टेकवला होता. २०२१ मध्ये करोना आला, ठीक आहे. पण करोना गेल्यावरही तारखा पुढेच सरकत राहिल्या. आता १ मार्च २०२७ ही तारीख ठरली आहे. म्हणजे सहा वर्षे उशीर. मावशींना सहा महिने उशीर झाला असता तर नाव कटले असते.

हा उशीर नुसता कागदी नाही. अन्नसुरक्षा कायद्याने खेड्यातल्या ७५ टक्के आणि शहरातल्या ५० टक्के लोकांना स्वस्त धान्याचा हक्क दिला. टक्के ठरले कायद्याने, पण कशाचे टक्के? २०११ च्या लोकसंख्येचे. त्यामुळे यादी ८१ कोटींच्या आसपास अडकली. ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्येच हिशेब मांडला होता की, वाढलेली लोकसंख्या धरली तर दहा कोटींहून अधिक माणसे यादीबाहेर राहतात. दहा कोटी म्हणजे २०११ च्या महाराष्ट्रात जवळजवळ जेवढी माणसे होती तेवढी. २०११ नंतर जन्मलेला मावशींचा नातू आता क्रिकेट खेळतो, शिव्या देतो, जेवतो मात्र त्याआधी मोजलेल्या माणसांच्या वाट्यातून.

संशोधन होत नाही म्हणावे तर तसेही नाही. झारखंडमध्ये रेशनला आधारची सक्ती केल्यावर काय झाले, याचा कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठा अभ्यास केला. मूळ गळती त्या सक्तीने थांबली नाही, पण खऱ्या कार्डधारकांचे हेलपाटे वाढले आणि काहींचे धान्य तुटले, असे त्यात निघाले. अभ्यास २०२० मध्ये बाहेर आला. अंगठा यंत्रावर तसाच आहे.

आता लाडक्या बहिणीकडे येऊ. नाही आलो तर ती रागावेल. २८ जून २०२४ ला राज्याच्या अर्थसंकल्पात योजनेची घोषणा, वयाची २१ ते ६० (पुढे ६५) वर्षे, उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महिन्याला दीड हजार. बाईच्या हातात पैसा द्यावा हे मला मनापासून पटते, आणि मावशींच्या सुनेलाही ते पटले. पण मी ज्या गोष्टीची वाट पाहत होतो ती आलीच नाही. कुणीतरी उठून विचारेल की, या पैशाने पोरींची शाळा टिकते का, अंगात रक्त वाढते का, सावकार सुटतो का, हे आपण मोजणार कसे? मोजमाप झाले, पण निवडणुकीत. पैसे आधी, निवडणूक मध्ये आणि पडताळणी शेवटी, असा क्रम लागला. पडताळणीत १४,२९८ पुरुष बहिणी म्हणून सापडले. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये सर्व बहिणींना केवायसीचा हुकूम सुटला, त्यात नवऱ्याचा किंवा बापाचाही आधार जोडायचा. ज्यांचा नवराही नाही आणि बापही नाही त्यांनी काय जोडायचे, हे पोर्टलला सुचलेले नव्हते. मग मुदतवाढ. ज्या बाईला आधार नाही तिच्याकडे आधार मागणे हा विनोद मी केलेला नाही, तो शासनाचा आहे.

मेक्सिकोने हेच काम १९९७ मध्ये केले. तिथल्या सान्तियागो लेव्ही नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने योजना काढली: आईच्या हातात पैसे द्यायचे, अट एवढीच की पोरांनी शाळेत जायचे आणि दवाखान्यात तपासून घ्यायचे. त्याला ठाऊक होते की, पुढचा राष्ट्राध्यक्ष ही योजना पहिल्या आठवड्यात गुंडाळील. म्हणून त्याने ५०६ गावे निवडली, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी. ३२० गावांना पैसे लगेच, १८६ गावांना साधारण दीड-दोन वर्षांनी. मधल्या काळात दोन्हींची तुलना बाहेरच्या संस्थेकडून करवली. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुली वाढल्या, हे आकड्यांत दिसले. २००० मध्ये सत्तर वर्षांची जुनी सत्ता गेली, पण नव्या राष्ट्राध्यक्षाने योजना ठेवली. नाव मात्र बदलले. तेवढा मोह जगात कुणालाच आवरत नाही. १८६ गावांना थांबवून ठेवणे बरोबर होते का, यावर पंडित अजून भांडतात. आपल्याकडे हा प्रश्न येत नाही. आपल्याकडे सगळीच गावे थांबलेल्या गटातली, तुलना कुणाशी करायची?

पुराव्यावर फार भाबडा विश्वास ठेवायला नको, म्हणून पुढचेही सांगतो. २०१८ च्या अखेरीस आणखी एक नवे राष्ट्राध्यक्ष आले आणि २०१९ मध्ये त्यांनी ती योजना बंद केली. जगभर गाजलेले सगळे शोधनिबंध कपाटात होते. त्यांचे कपाट आपल्यापेक्षा बरे असेल इतकेच.

पण एकदा महाराष्ट्रात उलटे घडले होते, आणि ते विसरायला मी तयार नाही.

तुम्ही पगारदार असाल तर पगाराची पावती काढून बघा. व्यवसाय कर, दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे. हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमीसाठी. वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती. त्यांनी १९६५ मध्ये सांगलीच्या तासगाव तालुक्यात आधी छोटा प्रयोग करून पाहिला: मागेल त्याला काम देता येते का? मग १९७२ चा दुष्काळ आला. त्याच्या ऐन भरात पन्नास लाखांच्या आसपास माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. १९७७ मध्ये कायदा झाला. शहरातल्या पगारातून खेड्यातल्या मजुराला काम, ही सोय दिल्लीला सुचायला २००५ साल उजाडले. आधी प्रयोग, मग योजना, मग पैशाची तरतूद, मग कायदा, इतका सुसंस्कृत क्रम या राज्यात पुन्हा कधी दिसला ते मला आठवत नाही.

तरीही मजुरीचा आकडा चुकला. पागे समितीच्या हिशेबाने मजुराची किमान मजुरी दिवसाला चार रुपये ठरली होती. मजुराला किती उष्मांक लागतात, ते किती पैशांत मिळतात, असे सगळे शास्त्रशुद्ध. वर्ध्याकडे काम करणाऱ्या अभय बंग नावाच्या तरुण डॉक्टरने तो हिशेबच तपासायला घेतला. तेव्हा ते गडचिरोलीला गेलेले नव्हते. त्यांनी समितीचीच रीत घेतली, तिच्यातल्या चुका एकेक करून दाखवल्या आणि पुन्हा बेरीज मांडली. उत्तर आले बारा रुपये. मोर्चे निघत होतेच, घोषणा होत्याच; पण मोर्चातल्या लोकांच्या हातात आता सरकारचेच गणित होते, लाल शाईने तपासलेले. मजुरी बारा रुपयांवर गेली. तिप्पट. कागद-पेन्सिलीच्या बळावर एवढे होते हे पाहून बंग दाम्पत्य संशोधन नीट शिकायला अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला गेले.

मला या गोष्टीत आवडते ते हे की, इथे दाखला सरकारकडे मागितला गेला. चार रुपये कुठून आणलेत, दाखवा. मजुराने आपली भूक सिद्ध करून दाखवली नाही. समितीला आपला आकडा सिद्ध करता आला नाही.

पुढे याच डॉक्टरांनी गडचिरोलीच्या ३९ खेड्यांत गावातल्याच बायकांना नवजात बाळे सांभाळायला शिकवले. बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. केंद्राने ती पद्धत देशभर आशाताईंकडे सोपवली २०११ मध्ये. एका बाळाच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा खेपा, मोबदला २५० रुपये. पुरावा पटायला बारा वर्षे लागली, दर ठरवायला फार वेळ लागला नसावा. आशाताई कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. म्हणून तिथे किमान मजुरीचा प्रश्नच उद्भवत नाही. लाल शाईची बाटली कुणाकडे शिल्लक असेल तर हे एक गणित तपासायचे राहिले आहे.

मावशींचे भांडे-प्रकरण एव्हाना आटपले होते. मी विचारले, “मग आता दाखल्याचं काय?”

“सोमवारी परत बोलावलंय. डोळा दाखवायचा म्हणे यंत्राला. अंगठा नाही तर डोळा. पण डाव्यात मोतीबिंदू आहे.”

“आणि उजवा?”

“उजवा ठेवलाय सोमवारसाठी.” हात पुसत त्या दारापाशी थांबल्या. “दादा, ते शिरगणतीवाले घरी येणारेत म्हणता ना? खरंच येतात?”

“येतील. घरोघरी. तुम्हाला कुठे जायला नको.”

“मग त्यांच्याकडून एक पावती लिहून घेते,” मावशी म्हणाल्या. “आम्ही मोजलेत म्हणून. शिक्का असला तर बरं.”

आणि पिशवी काखेत मारून जिना उतरल्या.